घुमटाखाली कोण उभं राहतं? एका माहितीपत्रकातल्या वाक्याचं प्रकरण

ठाण्यातल्या एका मराठी शाळेच्या नववीच्या मुलांना मुंबईचं जनरल पोस्ट ऑफिस, म्हणजे आपलं जीपीओ, दाखवायचं ठरलं. इतिहासाच्या बाईंनी मुलांसाठी छोटं माहितीपत्रक तयार केलं. मजकूर बरा होता, चित्रं होती, छापखान्यात द्यायची तेवढी बाकी होती. त्यातलं पहिलंच वाक्य होतं : ‘मुंबईचं जीपीओ ही विजापूरच्या गोलघुमटाची प्रतिकृती आहे.’ वर्गात कच्चा मजकूर वाचून दाखवताना एका मुलीने हात वर केला. दिवाळीच्या सुट्टीत ती घरच्यांबरोबर विजापूरला जाऊन आली होती. ‘बाई, मग याचे चार कोपऱ्यांतले मनोरे कुठे आहेत?’

या प्रश्नावर घोडं अडलं. बाईंनी पत्रक थांबवलं आणि दोघांना बोलावलं. एक मी, कारण जुन्या इमारतींची मोजमापं आणि नोंदी करणं हा माझा व्यवसाय आहे. दुसरे नौपाड्यात राहणारे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले काका, ज्यांनी उमेदीची वर्षं पत्रं छाननीत घालवली. एका वाक्याची तपासणी कशी झाली आणि शेवटी पत्रकात काय छापायला गेलं, ते इथे सविस्तर मांडते आहे. ‘अमक्याची नक्कल’ एवढंच सांगून मोकळं होणारी वाक्यं आपल्याकडे फार आहेत आणि ती मुलांच्या डोळ्यांवर झापड बांधतात, असं मला मनापासून वाटतं.

बाईंची पहिली शंका वेगळीच होती. ठाण्याच्या मुलांना मुंबईचं पोस्ट का दाखवायचं? ठाण्याचं स्वतःचं काय कमी आहे? याचं उत्तर काकांनी फळ्यावर दोन पिनकोड लिहून दिलं. जीपीओचा ४००००१. ठाणे मुख्य टपाल कार्यालयाचा ४००६०१. मग खाली वाशीचा ४००७०३ आणि डोंबिवलीचा ४२१२०१. मुलांनी लगेच हेरलं की ठाणे आणि वाशी यांचे पहिले तीन आकडे मुंबईचेच आहेत, डोंबिवलीचे मात्र नाहीत. पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून झालेल्या विभागाचा. पहिले तीन आकडे मिळून छाननीचा जिल्हा ठरतो. महापालिका वेगळी, जिल्हाधिकारी वेगळे, पण टपालाच्या नकाशावर ठाणं जीपीओच्या घरातलंच आहे. ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, जे टपाल खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतमध्ये काव्यं लिहीत. हे सांगताना काकांचा आवाज थोडा चढला होता आणि ते योग्यच होतं. आपल्या भाषेतल्या माणसाने देशाच्या प्रत्येक पत्त्याला शिस्त लावली, हे मुलांना माहीत असायला हवं.

दुसरा धागा रेल्वेचा. १६ एप्रिल १८५३ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी चौदा डबे ओढत सुमारे ३४ किलोमीटरवरच्या ठाण्यापर्यंत गाडी आणली, हे ठाण्याचं पोर सांगतंच. पण त्याच्या पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर १८५४पासून, देशभर एकसारखा टपालदर लागू झाला, हे सहसा कोणी जोडून सांगत नाही. तोवर पत्राचं मोल अंतरावर ठरत असे. नव्या दराने पाव तोळ्यापर्यंतचं पत्र अर्ध्या आण्याच्या तिकिटावर देशात कुठेही जाऊ लागलं. ठाण्याहून कल्याणला आणि ठाण्याहून कलकत्त्याला दर एकच. टपालाचं पीक वाढलं ते या दोन गोष्टींमुळे, स्वस्त तिकीट आणि धावती गाडी.

जीपीओ आज जिथे आहे तिथे का आहे, हेही यातून उलगडतं. आधीचं मोठं पोस्ट फ्लोरा फाउंटनजवळ होतं. जेम्स ट्रबशॉ यांनी आराखडा केलेली ती इमारत एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत उभी राहिली आणि पुढे तीच तार कार्यालय म्हणून ओळखली गेली. तीस वर्षांत ती अपुरी पडली. दरम्यान बोरीबंदरला फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचं व्हिक्टोरिया टर्मिनस १८८८मध्ये पूर्ण झालं होतं, आणि सुएझ कालव्यामुळे विलायतेची डाक आगबोटीने मुंबईच्या धक्क्यावर उतरत होती. नव्या पोस्टासाठी जागा निवडली ती रेल्वेस्थानकाला खेटून आणि गोदीच्या हाकेच्या अंतरावर. काकांच्या शब्दांत, थैलीला जितकं कमी चालावं लागेल तितकं पोस्ट चांगलं.

आता मूळ प्रश्न, मनोऱ्यांचा.

मुलांना नुसती छायाचित्रं शेजारी ठेवून दाखवली असती तर वाद ‘दिसतं सारखं’ आणि ‘नाही दिसत’ यातच संपला असता. म्हणून आम्ही आधी गोलघुमट समजून घ्यायचं ठरवलं आणि तो शाळेच्या मैदानावर मांडला. सुतळी, चार खुंट्या आणि रांगोळी एवढंच साहित्य. सहा मीटर बाजूचा चौकोन आखला. प्रत्येक बाजूवर दोन्ही कोपऱ्यांपासून पावणेदोन मीटरवर एकेक खूण केली. झाल्या आठ खुणा. मग एक सोडून एक अशा चार खुणा जोडल्या की एक चौकोन तयार होतो, आणि उरलेल्या चार जोडल्या की दुसरा, पहिल्यावर तिरका पडलेला. दोन्ही मिळून आठ टोकांची चांदणी. मधे उरलेली जागा अष्टकोनी.

गोलघुमटात या रांगोळीतल्या रेघा म्हणजे कमानी आहेत. आतलं दालन सुमारे ४१ मीटर बाजूचं, एकही खांब नसलेलं. भिंतींपासून उठलेल्या आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात आणि चौकोनी खोलीचं तोंड हळूहळू आवळत नेतात. त्यांच्या आतल्या कडेपासून सव्वातीन मीटरच्या आसपास मागे सरकून सुमारे ३८ मीटर व्यासाचा घुमट बसवला आहे. मागे सरकल्यामुळे आतल्या बाजूला जी पट्टी मोकळी राहिली तोच तो फिरता सज्जा, जिथे पुटपुटलेलं पुन्हा पुन्हा ऐकू येतं. मुलांना प्रतिध्वनीच ठाऊक होता. पण त्या सज्ज्याखालच्या दगडी भाराचं खरं काम निराळं आहे. घुमट सतत बाहेर फाकायला बघतो, आणि हा आत झुकलेला भार त्याला उलट बाजूने ओढून धरतो. महंमद आदिलशहाची ही कबर, तो १६५६ला वारला तेव्हा काम थांबलं. शहाजीराजे ज्याच्या दरबारातले सरदार होते तोच हा बादशहा. या कामाशी याकूत दाभोळी हे नाव परंपरेने जोडतात. दाभोळ म्हणजे आपल्या कोकणातलंच बंदर, हे कळल्यावर चिपळूणकडच्या एका मुलाने फळ्याकडे बघत सरळ टाळ्या वाजवल्या.

आणि ते चार मनोरे? ते अष्टकोनी, सात मजली आहेत आणि चौकोनाच्या कोपऱ्यांना चिकटलेले आहेत. त्यांतून वर जाण्याचे जिने आहेत. म्हणजे गोलघुमटाचा जीव तीन गोष्टींत आहे : एकच प्रचंड दालन, त्याला झाकणारा एकच घुमट, आणि चार कोपऱ्यांना चार मनोरे. यातली एक जरी काढली तरी ती इमारत ती राहत नाही.

जीपीओचा आराखडा जॉन बेग यांनी केला. ते मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुरचनाकार होते. त्यांच्या हाताखाली जॉर्ज विटेट होते, ज्यांनी पुढे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम आणि गेट वे ऑफ इंडिया केलं. आराखडा १९०२चा, काम सुरू झालं १ सप्टेंबर १९०४ला, पुरं झालं ३१ मार्च १९१३ला. खर्च १८ लाख ९ हजार रुपये. मधला घुमट ६५ फूट व्यासाचा, म्हणजे वीस मीटरच्या जरा आत. मुलांनी गणित केलं : व्यास गोलघुमटाच्या निम्म्याहून किंचित जास्त, पण झाकलेली जागा मात्र पाव भागाहून थोडीच अधिक. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, हे वहीतलं सूत्र त्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांना दिसलं.

पण मापापेक्षा मोठा फरक दुसरा आहे, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तोच. गोलघुमट म्हणजे दालन आणि घुमट, बस. जीपीओचं एकूण क्षेत्र एक लाख वीस हजार चौरस फुटांच्या घरात आहे आणि घुमट त्याच्या लहानशाच भागावर आहे. बाकी सगळं कार्यालय : मजले, लांब पंख, खिडक्यांच्या ओळी. गोलघुमटात आतल्या जागेने बाहेरचं रूप ठरवलं आहे. जीपीओत शेकडो माणसांचं रोजचं काम आहे, आणि त्या कामाच्या डोक्यावर मधोमध एक घुमट ठेवला आहे. कशावर ठेवला आहे, हे बघायला हवं.

काकांनी इथे सांगितलेली गोष्ट मला कुठल्याही नकाशापेक्षा उपयोगी वाटली. कुठल्याही पोस्टात दोन वाटा असतात. एक लोकांची, पुढच्या दाराने आत येऊन खिडकीपाशी थांबणारी. दुसरी टपालाची, मागच्या आवारात गाडीतून उतरून छाननीच्या टेबलांवर आणि तिथून पुन्हा थैलीत जाणारी. या दोन वाटा एकमेकींत मिसळल्या की गोंधळ होतो, आणि त्या फक्त एकाच रेषेवर भेटतात, ती रेषा म्हणजे काउंटर. टेबलावर पत्र पडलं की त्यावर तारखेचा शिक्का, मग खणांत वाटणी, मग गठ्ठा बांधून चिठ्ठी, मग थैलीचं तोंड सुतळीने आवळून लाखेची मोहोर. काकांनी हाताने हवेत खण दाखवत हे सारं करून दाखवलं, बोटं अजून त्याच वेगाने चालत होती. मुलं गप्प बसून बघत होती.

जीपीओत घुमटाखालचं दालन लोकांच्या वाटेला आलं आहे. साहेबाची कचेरी तिथे नाही, खजिना नाही. तिथे काउंटर आहेत आणि काउंटरपुढे रांग आहे. गावाकडे मनीऑर्डर करायला आलेला गिरणी कामगार, पार्सल घेऊन आलेली बाई, तिकीट चिकटवायला डिंक शोधणारा पोरगा, यांच्या डोक्यावर विजापूरचं आभाळ उचललं आहे. आदिलशहाने जो घुमट स्वतःच्या कबरीवर बांधून घेतला, त्याचा वारसदार मुंबईत अर्ध्या आण्याच्या गिऱ्हाइकावर सावली धरतो. हे मला फार मोठं वाटतं. वसाहतीचं सरकार होतं, आपला दरारा दाखवण्याचा हेतूही त्यात होता, हे मान्य. पण दालनात उभं राहिल्यावर मान वर होते ती सामान्य माणसाची, हेही तेवढंच खरं.

बाईंचा इथे एक रास्त आक्षेप होता. बेग साहेबांना विजापूरच का सुचलं? ताजमहाल का नाही? याचं कारण त्या काळच्या नकाशात आहे. विजापूर तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. जेम्स फर्ग्युसन यांनी एकोणिसाव्या शतकात विजापूरच्या इमारतींवर लिहिलं आणि गोलघुमटाच्या रचनेची वाखाणणी केली. पुढे पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी तिथल्या इमारतींचा बारकाईने अभ्यास केला. मुंबईत आधीच्या पिढीने गॉथिक पद्धतीच्या टोकदार इमारती भरपूर उभ्या केल्या होत्या, व्हिक्टोरिया टर्मिनस ही त्यांतली शिरोमणी. नव्या शतकात इथल्या मातीतलं काही वापरावं असा विचार बळावला तेव्हा इलाख्यातलाच, अभ्यासलेला, मोजलेला नमुना विजापूरचा होता. बेग यांच्या जीपीओचा घुमट त्यातून आला आणि विटेट यांच्या म्युझियमचाही. दोन्ही घुमट एकाच आजोबांचे नातू आहेत, म्हणून तर ते एकमेकांसारखे वाटतात. या शैलीला पाठ्यपुस्तकात इंडो-सारसेनिक म्हणतात. मुलांना ते नाव परीक्षेसाठी लागेलच, पण विजापूर म्हटलं की जास्त कळतं.

दगडाबद्दल थोडं. जीपीओच्या भिंती स्थानिक काळ्या बेसॉल्टच्या आहेत. ठाण्याच्या मुलांना हा दगड सांगावा लागत नाही, पारसिकच्या डोंगरात तोच आहे, ठाण्याच्या जुन्या जोत्यांत तोच आहे. पण बेसॉल्ट टणक. छिन्नीने त्यात नाजूक नक्षी काढणं म्हणजे पाथरवटाचा जीव काढणं. म्हणून जिथे कडा, पट्ट्या, कोरीव काम हवं तिथे पिवळसर कुर्ला दगड आणि सौराष्ट्रातल्या ध्रांगध्राहून आणलेला पांढरा दगड वापरला. त्यामुळे भिंतीवर तीन रंग दिसतात, आणि ते रंग नुसते शोभेचे नाहीत : कुठला दगड किती घाव सोसतो त्याचा तो हिशेब आहे. पत्रकात आम्ही मुलांना एक काम दिलं. काळ्या दगडावर हात फिरवा, मग पिवळ्या पट्टीवर फिरवा आणि छिन्नीच्या खुणा कुठे जवळजवळ आहेत, कुठे लांब, ते वहीत काढा. शिवाय येताना लोकलमधून कुर्ला स्टेशन जाईल तेव्हा पाटीकडे बघा, इमारतीचा एक रंग या गावच्या नावाचा आहे.

परत वाक्याकडे. ‘प्रतिकृती’ काढायचं यावर एकमत झालं. त्याच्या जागी काय, यावर मात्र चांगलीच खडाजंगी झाली. बाईंना मुलांच्या लक्षात राहील असं एक छोटं वाक्य हवं होतं. ‘प्रेरणा घेतली’ हा त्यांचा पर्याय मला पटेना, कारण त्यात काय घेतलं आणि काय सोडलं हे कळतच नाही. काकांना घुमटापेक्षा काउंटरचा उल्लेख आधी हवा होता. मी ‘मनोरे नाहीत’ हे स्पष्ट लिहायचा आग्रह धरला, कारण प्रश्न तिथूनच निघाला होता. शेवटी छापायला गेलेला मजकूर असा :

‘जीपीओच्या मधल्या घुमटाचं रूप विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलं आहे, पण व्यास त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त आहे. गोलघुमटाचे कोपऱ्यातले चार सात मजली मनोरे इथे नाहीत, कारण ही एका दालनाची कबर नसून अनेक मजल्यांचं कार्यालय आहे. घुमटाखाली टपालाच्या कामासाठी आलेले लोक उभे राहतात. तिथे पोहोचल्यावर आधी काउंटर बघा, मग वर बघा.’

चार वाक्यं झाली. बाईंना ती अजूनही लांब वाटतात. माझ्या मते नववीच्या मुलांना चार वाक्यं झेपतात.

एक मुद्दा अनिर्णित राहिला. पत्रकाच्या शीर्षकाखाली साल कुठलं द्यायचं, १९०२, १९०४ की १९१३? बाईंची पद्धत बांधकाम पूर्ण झाल्याचं साल देण्याची. पण विजापूरची निवड झाली ती आराखड्याच्या वेळी, आणि त्याच गोष्टीवर आपण मुलांशी बोलणार आहोत. तूर्त तिन्ही सालं छापली आहेत, प्रत्येकापुढे त्या वर्षी काय झालं ते लिहून. मला ही तडजोड आवडली. इमारतीला जन्मतारीख एकच असते हा समज त्यातून आपोआप ढिला होतो.

ठाण्यासाठी याचा उपयोग लगेच झाला. सहलीच्या दुसऱ्या टप्प्यात मुलांना ठाण्याच्याच इमारती करायच्या आहेत, आणि पहिल्या यादीत किल्ला आहे, जो आज मध्यवर्ती कारागृह आहे. कच्च्या मजकुरात ‘पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला’ एवढंच होतं. आता त्याखाली बाईंनी स्वतःच तीन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत : १७३०च्या सुमारास पोर्तुगीजांनी काम सुरू केलं, १७३७मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७७४मध्ये इंग्रज आले. प्रत्येक ओळीपुढे मुलांनी शोधून लिहायचं की त्या तटाच्या आत तेव्हा कोण होतं आणि कशासाठी. आत जाता येणार नाही, त्यामुळे बाहेरून तट, बुरूज आणि दगड एवढ्यावरच भागवावं लागेल. तरीही काम भरपूर आहे.

जीपीओच्या सहलीची सूचनांची यादी काकांनी केली. दालनात रांग अडवायची नाही. कबुतरखान्याकडे पळायचं नाही. बाहेर ताडपत्रीखाली बसणारे पत्रलेखक दिसले तर आधी नमस्कार करायचा, मग प्रश्न. तिकिटं जमवणाऱ्यांनी फिलाटेली ब्युरोत जायला हरकत नाही, पण बाईंना सांगून. आणि प्रत्येकाने काउंटरवरून पन्नास पैशांचं पोस्टकार्ड घेऊन, दालनातच उभं राहून, ठाण्यातल्या स्वतःच्या घरच्या पत्त्यावर घुमटाविषयी चार ओळी लिहायच्या आणि तिथल्याच पेटीत टाकायच्या. ज्याच्या पत्त्यात पिनकोड नसेल त्याचं कार्ड काका पेटीत पडू देणार नाहीत, असं त्यांनी वर्गात बजावून ठेवलं आहे.